ग्रहणात पोटुशी बाईला पाणी द्या : ठाण्यातल्या महिला मंडळांना एक खुलं पत्र

ठाण्यातल्या सगळ्या महिला मंडळांना, भजनी मंडळांना आणि घराघरातल्या सासूबाईंना, आयांना, आज्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातच एका हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात सिस्टर आहे, राहते वर्तकनगरला. हे पत्र डॉक्टरांना किंवा महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण गरोदर बाईने ग्रहणात काय करायचं हे डॉक्टर ठरवत नाहीत, महापालिका ठरवत नाही, तिचा नवरा तर नाहीच नाही. ते तुम्ही ठरवता. आम्ही ओपीडीत पाच मिनिटं जे बोलतो ते लिफ्टमधून वर घरी पोचेपर्यंत अर्धं विसरलेलं असतं, आणि तुम्ही सांगितलेलं ती बाई तिच्या सुनेलाही सांगते.

आणि आत्ताच का लिहितेय तेही सांगते. 3 मार्च 2026 चं चंद्रग्रहण होऊन गेलं. आता आपल्या ठाण्यातून दिसेल असं पुढचं ग्रहण थेट 2 ऑगस्ट 2027 ला आहे, सोमवारी, सूर्यग्रहण. (मधे छायाकल्प चंद्रग्रहणं असतात पण ती डोळ्यांना कळत पण नाहीत आणि कोणी पाळतही नाही.) स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अशा पट्ट्यात ते खग्रास आहे, इजिप्तच्या लक्सरला तर सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला असणार, आपल्याकडे खंडग्रास, दुपारी उशिरा. त्या दिवशी आषाढ अमावस्या आहे, म्हणजे दिव्याची अवस. सूर्यग्रहणाचे वेध (काही खायचं-प्यायचं नाही असा ग्रहणाआधीचा काळ) चार प्रहर आधी लागतात म्हणजे पहाटेपासूनच, मग दिव्यांची पूजा कधी करायची, कणकेचे दिवे कधी उकडायचे, मुलांना ओवाळायचं कधी, हे सगळे प्रश्न तुमच्या ग्रुपवर येणार आणि त्यातच कोणीतरी विचारणार की आमच्या सुनेला सातवा आहे, तिने काय करायचं. त्या सुनेला आज बहुतेक दिवससुद्धा गेलेले नाहीत, म्हणून आत्ता लिहितेय, आत्ता आपण सगळ्याच शांत डोक्याने बोलू शकतो.

7 सप्टेंबर 2025 चं चंद्रग्रहण तुम्हाला आठवत असेल, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवार होता. रात्री दहाच्या आसपास स्पर्श म्हणजे ग्रहण लागलं, अकरापासून जवळजवळ दीड तास चंद्र तांब्यासारखा लाल, रात्री दीडच्या सुमारास मोक्ष म्हणजे ग्रहण सुटलं. वेध दुपारी साडेबारापासूनच लागले होते. त्या दिवशी अंधार पडल्यावर वॉर्डात एक बाई आली, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहितेय. आठवा महिना, गरोदरपणातली शुगर, इन्सुलिन चालू. सकाळचं इन्सुलिन घेतलेलं आणि दुपारपासून पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, ओठ सुकून पापुद्रे निघालेले, जीभ टाळूला चिकटत होती त्यामुळे नाव सांगतानाही अडखळत होती, आणि मुठीत तुळशीचं पान, घामाने काळं पडलेलं. शुगर काढली तर साठच्या खाली, म्हणजे फारच कमी. बाळ दुपारपासून हललेलं जाणवलं नाही म्हणाली आणि मग रडायलाच लागली. आम्ही ग्लुकोज दिलं, पाणी दिलं, पोटाला मॉनिटर लावला, थोड्या वेळाने ठोके नीट यायला लागले आणि बाळाने अशी लाथ मारली की मॉनिटरचा पट्टा हलला.

पण मला तुम्हाला तिच्या सासूबाईंबद्दल सांगायचंय. त्या बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, त्यांना पाण्याची बाटली द्यायला गेले तर म्हणाल्या, नको, मी पण दुपारपासून घेतलेलं नाही, तिला नाही तर मला कशाला. साठीच्या पुढच्या, स्वतःला बीपी असलेल्या बाई, सून एकटी उपाशी नको म्हणून स्वतः कोरड्या बसलेल्या. ही बाई सुनेचा छळ करत होती असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. तिच्या जिवापाड प्रेमातूनच ती सून माझ्या वॉर्डात घाम पुसत पोचली होती, आणि या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, म्हणून तर हे पत्र लिहायला इतका वेळ लागला.

कारण गरोदरपण म्हणजे काय हो, नऊ महिने घरातल्या सगळ्यांचा जीव एका अशा जागी अडकलेला असतो जिथे कोणाचा हात पोचत नाही. सोनोग्राफी आता आली, आपल्या आज्यांच्या काळात तर पोटावर हात ठेवून अंदाज घेण्यापलीकडे काहीच नव्हतं. मुलं दगावायची, आया दगावायच्या, का ते कळायचं नाही. अशा वेळी माणसाला काहीतरी करायला हवं असतं, नुसतं बसवत नाही. म्हणून आपण डोहाळजेवण करतो, हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी, आणि म्हणूनच आभाळात दिवसाउजेडी अंधार आला की त्या बाईला घरात घेऊन दार लावून घेतो. दोन्हीच्या मागे एकच माया आहे. पहिल्यात तिला काय हवं ते विचारून खायला घालतो आणि दुसऱ्यात घोटभर पाणी तोडतो, एवढाच फरक, पण शरीराच्या दृष्टीने तो फार मोठा फरक आहे.

आता ओठाचं. ग्रहणात चिरलं, कापलं, सुई हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला पहिल्यांदा वाचून आश्चर्य वाटलं होतं की हीच भीती पार मेक्सिकोत पण आहे. तिकडच्या जुन्या अझ्टेक लोकांना वाटायचं की ग्रहणात चंद्राचा लचका तोडला जातो आणि पोटुशी बाईने ते बघितलं तर बाळाच्या तोंडाचाही लचका तुटतो, म्हणून बायका पोटावर काळ्या काचेच्या दगडाचं पातं ठेवायच्या, आणि त्यांच्या आजच्या नाती-पणत्या ग्रहणात कपड्याला आतून लोखंडी सेफ्टी पिन नाहीतर किल्ली अडकवतात. म्हणजे बघा, समुद्रापलीकडे, आपला त्यांचा काही संबंध नाही, ग्रहण तेच, ओठ तोच, भीती तीच, पण आपल्याकडे लोखंडाला हात लावायचा नाही आणि त्यांच्याकडे लोखंड अंगाला लावूनच ठेवायचं. दोन्हीकडे फाटलेल्या ओठाची बाळं जन्मतातच, जगभरात साधारण 700 बाळांमागे एक, ग्रहण असो नसो.

ओठ कसा तयार होतो ते आम्हाला नर्सिंगला असताना शिकवलं होतं. गर्भ अगदी एवढासा असताना चेहऱ्याचे भाग बाजूंनी वाढत येतात आणि मधे जुळतात. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. काही कारणाने जुळणं राहिलं की फट राहते. काही वेळा ते आनुवंशिक असतं, काही वेळा सिगरेट, काही वेळा दिवस जायच्या आधीपासूनचा डायबेटिस, काही वेळा फिट येऊ नये म्हणून दिलेली विशिष्ट औषधं (ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारूनच बदलायची), आणि बऱ्याच वेळा एक कारण असं बोट ठेवून सांगता येतच नाही. पण सातव्या महिन्यातल्या बाईच्या बाळाचा ओठ तर कधीच जुळून झालेला असतो. तो सुरीने परत उघडत नाही. आणि ज्या आठवड्यांमध्ये तो जुळत असतो त्या आठवड्यांत बहुतेक बायकांना पाळी चुकल्याचं नुकतं कुठे कळलेलं असतं, घरात अजून कोणाला सांगितलेलंही नसतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की जी काळजी तुम्ही त्या एका दिवशी घेता ती आधी घ्या. लग्न झालेल्या मुलीला, सुनेला मूल हवंय असं कळलं की त्याच वेळी फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायला सांगा, दिवस जायच्या आधीपासून, रोज एक, 400 मायक्रोग्रॅमची, आणि त्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हणजे तिला जास्त डोस लागतो का ते कळेल. बाळाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टाळायला ती नक्की उपयोगाची आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शुगरची तपासणी, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, ती टाळू देऊ नका, "आमच्यात कोणाला शुगर नाही" असं म्हणणाऱ्या घरातल्याच सुना आमच्याकडे इन्सुलिनवर असतात. हे तुम्ही सांगितलंत तर होतं. आम्ही पोस्टर लावतो, ते पोस्टर कोण वाचतं सांगा.

आता एक गोष्ट लिहिताना मला त्रास होतोय पण लिहायलाच हवी. आमच्याकडे फाटलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की पहिला प्रश्न डॉक्टरांना नसतो. पहिला प्रश्न आईला असतो. ती टाके घातलेल्या अवस्थेत, दूध कसं पाजायचं या चिंतेत, आणि पलंगाभोवती उभं राहून कोणीतरी हळू आवाजात विचारतं, "ग्रहणात काय चिरलं होतंस का गं?" मी त्या बायकांचे चेहरे बघितलेत. त्या खरंच आठवायला लागतात. एकीने मला मध्यरात्री बोलावून सांगितलं की सिस्टर, मी त्या दिवशी कोथिंबीर निवडली होती, चिरली नाही, फक्त निवडली, तेवढ्याने झालं असेल का. तिला मी आठवडे बोटांवर मोजून दाखवले, ग्रहणाच्या वेळी तिला सहावा चालू होता, ओठ दुसऱ्याच महिन्यात जुळायचा होता तो तेव्हाच राहिला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, हे माझ्या आईला फोन करून सांगाल का. मी केला फोन. तिकडून आई पण रडायला लागली, कारण "काही चिरू नकोस" असं लेकीला बजावून सांगायचं राहून गेलं म्हणून ती माऊली स्वतःलाच दोष देत होती.

शास्त्राने त्या घराला काय दिलं, तर बाळाचा ओठ त्या रात्री शास्त्राने शिवला नाही, तो नंतर शिवला गेला, पण त्या रात्री दोन बायकांच्या डोक्यावरचं ओझं काढलं. मला शास्त्र याच्यासाठी आवडतं. आणि ओठाचं ऑपरेशन बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचं असताना होतं, टाळूचं वर्षाच्या मागेपुढे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत होतं, अंगणवाडी ताई किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. तुमच्या सोसायटीत, चाळीत असं बाळ असेल तर कृपा करून आईला काही विचारू नका, तिला हे सांगा.

काहीजणी म्हणतील ही शिकलेली बाई आपलं सगळं मोडायला निघाली. असं नाहीये. उलट मला वाटतं आपलंच आपण नीट वाचत नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते हे आर्यभटांनी इ.स. 499 च्या सुमारास लिहून ठेवलंय, वराहमिहिरांनीही राहूने गिळण्याची गोष्ट बाजूला ठेवून सावलीचंच कारण दिलंय, म्हणजे दीड हजार वर्षं झाली. ज्या पंचांगात बघून आपण वेध पाळतो त्यातली स्पर्शाची आणि मोक्षाची वेळ मिनिटाला बरोबर येते ती या सावलीच्याच गणिताने येते. आपल्या ठाण्यातले पंचांगकर्ते दा. कृ. सोमण कितीतरी वर्षं ग्रहणांच्या वेळा पण सांगतायत आणि ग्रहणाला घाबरू नका हे पण सांगतायत, एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही. आणि पंचांगात वेधांच्या ओळीखाली अजून एक ओळ असते बघा, बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांनी वेध उशिरापासून पाळावेत अशी. म्हणजे ज्यांनी नियम घातला त्यांनाही माहीत होतं की पोटुशी बाईला इतके तास उपाशी ठेवता येत नाही. ती ओळ ग्रुपवर फॉरवर्ड होताना कशी काय गळून पडते कोण जाणे, पण पडते.

आणि मन बदलतं हो, वाटतं तितकं अवघड नाही. 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण माझ्या लहानपणी झालं, आम्ही तेव्हा कोपरीत चाळीत राहायचो. कर्नाटक-आंध्रातून खग्रास पट्टा गेला होता, आपल्याकडे खंडग्रास. मुंबई-ठाण्याचे रस्ते ओस, लोक घराबाहेर पडू नयेत म्हणून दूरदर्शनने सिनेमा लावला होता, आमच्या खिडक्यांना आईने वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि ग्रहण सुटल्यावर "दे दान सुटे गिराण" ओरडत येणाऱ्यांना आजीने जुनं लुगडं आणि धान्य दिलं. पंधराच वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995 ला, दिवाळीच्या दिवसांत खग्रास सूर्यग्रहण आलं तेव्हा त्याच देशातले हजारो लोक गाड्या पकडून राजस्थानात आणि बंगालमध्ये ते बघायला गेले, टीव्हीवर लाईव्ह दाखवलं. मधल्या पंधरा वर्षांत सूर्य-चंद्र बदलले नव्हते. माणसांच्या पोटात जिथे गोळा यायचा तिथे उत्सुकता आली, कारण कोणीतरी त्यांना बोट धरून दाखवलं. दान देणं मात्र माझ्या आईने सोडलं नाही आणि मी पण सोडलेलं नाही, ते चांगलंच आहे.

डॉक्टर लोकांचंही मला पटत नाही सगळं. "काही होत नाही हो, अंधश्रद्धा आहे" असं म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं की झालं त्यांचं काम. पण भीती अशी जात नाही. आमच्या बायका ऐकून घेतात आणि घरी जाऊन गुपचूप पाळतात, आणि मग औषध चुकवलं, लघवी तासन् तास दाबून धरली, हे आम्हाला सांगतच नाहीत. त्यापेक्षा मी वॉर्डात असं सांगते की तुला आत बसायचंय ना, बस. चिरायचं नाही ना, नको चिरूस, त्या दिवशी नवरा चिरेल. देवाचं नाव घ्यायचंय, घे, मी पण घेते. घरातल्यांचं मन राखून, स्वतःचं मन शांत ठेवून बसलेली बाई मला चालते, कारण नियम मोडला आणि मग डिलिव्हरीपर्यंत रोज धास्ती घेत बसली तर तेही तिला बरं नाही, भीतीने छाती धडधडते, झोप जाते, बीपी वर जातो. फक्त पाणी, जेवण, गोळ्या-इन्सुलिन आणि बाथरूमला जाणं, यातलं काहीही थांबवायचं नाही. पाणी कमी पडलं की पोट आवळायला लागतं, कधी कळांसारखं दुखतं, लघवी दाबली की इन्फेक्शन होतं, आणि इन्सुलिनवरची बाई उपाशी राहिली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. पाण्यात तुळस घाला, डब्यावर दर्भ ठेवा, पण द्या. ग्रहण चालू असताना सुद्धा द्या. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर मोक्षाची वाट बघत बसू नका, रिक्षा करा आणि या.

एक काम मात्र मला तुमच्याकडून खास हवंय. तुम्ही मंडळात हळदीकुंकू करता, मंगळागौर करता, सहली काढता. 2 ऑगस्टला दिव्याची पूजा उरकली की दुपारी सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर उपवन तलावाच्या काठावर जमा. सूर्य तेव्हा येऊरच्या बाजूला कललेला असेल. पावसाळा आहे, ढग असतील, दिसेल न दिसेल, पण उघडीप मिळाली तर घरातली पिठाची चाळणी घेऊन या, ती उन्हात धरली की खाली जमिनीवर प्रत्येक भोकाचा एक एक कवडसा पडतो आणि ग्रहण चालू असताना तो प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा दिसतो, शेकडो चंद्रकोरी एकदम. झाडाखाली उभं राहिलात तर पानांच्या फटींतून पण तसंच. सूर्याकडे पाठ करून बघायचं असतं त्यामुळे डोळ्यांना काही धोका नाही. वर बघायचं असेल तर फक्त प्रमाणित ग्रहण-चष्म्यातूनच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब यातलं काही चालत नाही, डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखत पण नाही. पोटुशी बायकांना पण बोलवा, ज्यांना यायचंय त्यांना, खुर्ची आणि पाण्याची बाटली देऊन. ज्यांना नाही यायचं त्यांना आग्रह नको.

आणि त्याच्या आधी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, म्हणजे जानेवारी 2027 मध्ये, मला अर्धा तास द्या. ऑगस्टच्या ग्रहणात ज्यांना सातवा असेल त्या बायकांना बहुतेक त्याच महिन्यात दिवस गेलेले असतील किंवा जाणार असतील, तेव्हा वेळ अगदी बरोबर आहे. मी गर्भाच्या वाढीची चित्रं घेऊन येते, कुठल्या आठवड्यात काय जुळतं ते दाखवते, सासवा आणि सुना दोघींनी एकत्र बसायचं एवढीच अट, आणि तुमचे प्रश्न कसलेही असू देत, आमच्याकडे लाजायचं काही नसतं. वाणात प्लास्टिकचा डबा देता त्याच्या ऐवजी त्या वेळी पाण्याची बाटली दिलीत तर मला फार आवडेल. वर्तकनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, कोपरी, कळवा, घोडबंदर, कुठेही येईन, संध्याकाळी पाचनंतरची वेळ ठेवा आणि आठ दिवस आधी कळवा, कारण ड्युटी बदलून घ्यावी लागते.

तुमचीच,
प्रसूती विभागातली एक सिस्टर
वर्तकनगर, ठाणे